आर्ट म्युझियम्सच्या निमित्ताने दोघांची सिटी ट्रिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युझियममध्ये रोमँटिक असं काय असतं? तिथे तर गप्प राहून फिरायचं असतं ना?

गप्प राहायचं असं काही नसतं, हळू आवाजात बोलायचं असतं आणि खरं सांगायचं तर हळू आवाजात बोलायला माणूस जवळ येतोच. पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. इतकी वर्षं सोबत राहूनसुद्धा आपला माणूस एखाद्या चित्रात आधी काय बघतो, चेहरा बघतो की हात बघतो की मागच्या कोपऱ्यातलं कुत्रं बघतो, हे आपल्याला माहीत नसतं. घरी बोलणं होतं ते बिलं, ऑफिस, मुलं, सामान याच्यावर, आणि इथे समोर अशी एक गोष्ट असते जिचं आपल्या रोजच्या कटकटींशी काही देणंघेणं नाही. दोघं शेजारी उभे राहून एकाच दिशेला बघताय आणि त्यातून जे बोलणं निघतं ते समोरासमोर बसून निघत नाही. म्हणून मी ज्यांना ज्यांना सांगते त्यांना एकच सांगते, कमी बघा, जास्त वेळ बघा आणि एकत्र बघा. खालची सगळी उत्तरं याच्याभोवतीच आहेत.

शहर कसं निवडायचं?

बहुतेक जण आधी शहर ठरवतात आणि मग तिथली म्युझियम्स शोधतात. उलटं करून बघा. दोघांनी एक एक चित्र किंवा शिल्प सांगायचं जे आयुष्यात एकदा प्रत्यक्ष बघायचंच आहे, आणि मग ते कुठे आहे ते शोधायचं. शोधा मात्र नीट, कारण यात गफलती खूप होतात. व्हर्मीरची मोत्याच्या कानातल्यातली मुलगी ॲमस्टरडॅममध्ये असेल असं लोक धरून चालतात, ती आहे हेगमध्ये, माउरित्सहाउस म्युझियमला. ट्रेनने तासाभरात जाता येतं, पण तो अर्धा दिवस आधी प्लॅनमध्ये धरावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे म्युझियम्स एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत का ते बघा. दोघांच्या ट्रिपमध्ये सगळ्यात छान वेळ हा दोन ठिकाणांच्या मधल्या चालण्यात जातो, तो मेट्रोमध्ये लटकत घालवू नका. या बाबतीत मला माद्रिद फार आवडतं. प्रादो, थिसेन आणि रेना सोफिया ही तिन्ही एकाच मोठ्या रस्त्याच्या आजूबाजूला, दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात, आणि प्रादोच्या मागे रेतिरो बाग. हा रस्ता आणि बाग मिळून २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आले. प्रादोमध्ये वेलाझ्केझचं लास मेनिनास, १६५६ चं, आणि रेना सोफियामध्ये पिकासोचं गेर्निका, जे जवळजवळ पावणेआठ मीटर लांब आहे आणि फोटोत कितीही वेळा बघितलं असलं तरी समोर गेल्यावर घशात काहीतरी अडकतं.

ॲमस्टरडॅममध्येही तसंच, राइक्सम्युझियम, व्हॅन गॉग म्युझियम आणि स्टेडेलिक एकाच मैदानाभोवती आहेत आणि कॉन्सर्टगेबाउ हा संगीताचा हॉलसुद्धा तिथेच. व्हिएन्नात कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममधून बाहेर पडून रस्ता ओलांडला की म्युझियम्सक्वार्टियर, तिथल्या लिओपोल्ड म्युझियममध्ये शीले या ऑस्ट्रियन चित्रकाराची चित्रं. पॅरिसमध्ये लूव्र, ओरांजरी आणि ओर्से ही तिन्ही सेनच्या काठावर, मध्ये त्विलरी बाग. लंडन पसरलेलं आहे, पण नॅशनल गॅलरी, टेट, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) अशा मोठ्या म्युझियम्सचा कायमचा संग्रह बघायला तिकीट लागत नाही, त्यामुळे अर्ध्या तासासाठी एकच चित्र बघायला आत जाऊन बाहेर यायचं हे सुख तिथे मिळतं.

किती दिवस काढावेत?

तीन रात्री पुरतात, चार असल्या तर छानच. दोन रात्रींमध्ये पहिला आणि शेवटचा दिवस येण्या-जाण्यात जातो. आणि एका ट्रिपला एकच शहर, प्लीज.

दिवसाला किती म्युझियम्स बघावीत?

मोठं असेल तर एकच. लोकांना हे पटत नाही, एवढ्या लांब आलोय तर सगळं बघून घेऊ असं वाटतं, मला समजतं ते. पण म्युझियममध्ये येणारा थकवा खरा असतो, १९१६ मध्येच बेंजामिन गिलमन या बोस्टनच्या म्युझियममधल्या माणसाने त्यावर लेख लिहिला होता, वाकून, मान वळवून, पाटी वाचायला पुढे मागे करून शरीर कसं दमतं याचे फोटोच काढले होते त्याने. आणि त्यात डोक्याचा थकवा वेगळा. तासा-दीड तासानंतर आपण चित्रांकडे बघत नसतो, चित्रांसमोरून चालत असतो. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला एक अभ्यास छापून आला, त्यात लोक नामवंत चित्रांसमोरसुद्धा सरासरी २७ सेकंदांच्या आसपासच थांबतात असं दिसलं. पाटी वाचायचा वेळ यातच आला बरं का.

मी सुचवते ते असं. सकाळी दारं उघडताना आत जायचं, दीड ते दोन तास, आणि ठरवून सहा-सात कलाकृती. त्यातल्या निदान एकीसमोर दहा मिनिटं बसायचं, बाक असतोच जवळ. पहिली दोन मिनिटं अवघडल्यासारखं होतं, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला डोळे सैल होतात आणि मग तपशील दिसायला लागतात, कुणाच्या बाहीला लागलेला उजेड, खिडकीबाहेरचं झाड, आणि तिथूनच मग हळूच बोलणं सुरू होतं की हे बघितलंस का. उरलेला दिवस मोकळा ठेवा. दुपारी खोलीवर जाऊन झोपलात तरी काही बिघडत नाही, ट्रिप तुमची आहे. संध्याकाळी वाटलं तर एखादं छोटं ठिकाण.

बंद असण्याचे वार कसे लक्षात ठेवायचे?

लक्षात ठेवायचे नाहीत, प्लॅन करतानाच कागदावर लिहायचे. एकाच शहरातली म्युझियम्स एकाच वारी बंद असतात असंही नाही. पॅरिसमध्ये लूव्र आणि ओरांजरी मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. माद्रिदला रेना सोफिया मंगळवारी बंद. फ्लॉरेन्समध्ये उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असलेली अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद, म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार असं गेलात तर सोमवारचा दिवस चर्चेस आणि बागांना द्या. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर या तारखांना युरोपात बरंच काही बंद असतं, ॲनिव्हर्सरी त्याच्या आसपास येत असेल तर आधी बघा.

मोठी कामं चालू आहेत का तेही तपासा. पॅरिसचं पाँपिदू हे आधुनिक कलेचं म्युझियम २०२५ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं आणि २०३० मध्ये उघडायचं नियोजन आहे, बर्लिनचं पेर्गामोन म्युझियम २०२३ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण बंद आहे आणि तेही टप्प्याटप्प्यानेच उघडणार. जुन्या ब्लॉग्जमध्ये ही दोन्ही अजून टॉप टेनमध्ये असतात.

तिकिटं कधी काढायची?

काही ठिकाणी विमानाच्या आधी. मिलानमध्ये लिओनार्दोचं द लास्ट सपर बघायला एका वेळी थोड्याच माणसांना आत सोडतात आणि फक्त १५ मिनिटं मिळतात, तिथलं बुकिंग आठवडे आधीच संपतं. रोमच्या बोर्गेसे गॅलरीला दोन तासांचे स्लॉट असतात आणि रिझर्व्हेशनशिवाय जमत नाही. व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीट फक्त ऑनलाइन आणि वेळ ठरवून. व्हिएन्नाच्या बेल्व्हेडेर या राजवाड्यातल्या म्युझियमलाही वेळेचा स्लॉट असतो.

पण सगळ्याच गोष्टींची तिकिटं आधी काढून ठेवू नका हो. दिवसाला एक पक्की वेळ बास, बाकी वारा येईल तसं. दोन पक्क्या वेळांच्या मध्ये अडकलेलं जोडपं सतत घड्याळ बघत असतं आणि एकमेकांना चल चल करत असतं. आणि तिकिटं म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा, सर्चमध्ये वर येणाऱ्या बऱ्याच साइट्स दलालांच्या असतात.

सिटी पास घ्यावा का?

कमी बघायचं ठरवलं असेल तर बहुतेक वेळा नको. पास घेतला की तो वसूल करायची घाई मागे लागते. पॅरिसचा म्युझियम पास सलग दिवसांचा असतो आणि तो असूनही लूव्रला वेळेचा स्लॉट वेगळा बुक करावाच लागतो. अपवाद माद्रिदचं पासेओ देल आर्ते कार्ड, प्रादो, थिसेन आणि रेना सोफिया या तिघांचंच आहे ते, आणि तीन दिवसांत तीन म्युझियम्स हा आपलाच हिशोब आहे.

फुकट असलेल्या वेळा मोहात पाडतात, उदाहरणार्थ प्रादोला रोज शेवटचे दोन तास फुकट असतात. बाहेर लांब रांग असते आणि आत गर्दी. एखादं दुसऱ्यांदा बघायचं चित्र असेल तर जा, पहिली भेट मात्र शांतपणे होऊ दे.

संध्याकाळी म्युझियम उघडी असतात का?

असतात, आणि जोडप्यांसाठी यापेक्षा चांगली वेळ नाही! लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत, लंडनची नॅशनल गॅलरी शुक्रवारी ९ पर्यंत आणि व्ही अँड ए १० पर्यंत, मेट्रोपॉलिटन शुक्रवारी-शनिवारी ९ पर्यंत, व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस गुरुवारी ९ पर्यंत. टूर ग्रुप्स आणि शाळांच्या सहली तोपर्यंत गेलेल्या असतात, जेवणाच्या वेळेला तर काही दालनांत तुम्ही दोघं आणि कोपऱ्यातला गार्ड एवढेच उरता. हे तास कधी कधी बदलतात, जायच्या आठवड्यात साइटवर एकदा बघून घ्या.

माझ्या नवऱ्याला किंवा बायकोला आर्टमध्ये अजिबात रस नाही. मग?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आधी हे बघा की रस नाही म्हणजे नक्की काय. बऱ्याच जणांना आपल्याला यातलं काही कळत नाही याची लाज वाटत असते, आणि आपण शेजारी उभं राहून माहिती द्यायला लागलो की ती लाज वाढते. म्हणून पहिला नियम, लेक्चर द्यायचं नाही. तुम्हाला चित्रकार, साल, शैली सगळं माहीत असलं तरी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. प्रश्न विचारा आणि प्रश्नसुद्धा परीक्षेचे नकोत. ही बाई कोणाकडे बघतेय? या खोलीत आत्ता काय झालं असेल? यातलं एक घरी न्यायला दिलं तर कुठलं नेशील आणि का? हा शेवटचा प्रश्न तर हमखास चालतो, दालनात शिरताना सांगायचं की प्रत्येकाने एक निवडायचं, दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि मग दाराशी भेटून ओळखायचं. समोरच्याने काय निवडलं हे ओळखता येत नाही तेव्हा खरी मजा येते.

दुसरं म्हणजे आर्ट म्युझियममध्ये चित्रांशिवायही खूप काही असतं. राइक्सम्युझियममध्ये जहाजांची मॉडेल्स आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये चिलखतं आणि जुनी वाद्यं आहेत, व्ही अँड ए मध्ये दागिने, कपडे, लोखंडी जाळीकाम. इंजिनिअर माणसाला ओर्से दाखवा, ती मुळात १९०० मधलं रेल्वे स्टेशन आहे आणि ते मोठं घड्याळ अजून तिथे आहे.

आणि तिसरं, अर्धा तास वेगळं फिरायला काहीही हरकत नाही. तू तुझं बघ, मी माझं, अमुक वाजता त्या बाकावर भेटू. परत भेटल्यावर दोघांकडे सांगायला काहीतरी असतं. सतत हाताला धरून फिरवलं तर एकाची ट्रिप होते आणि दुसऱ्याची ड्यूटी.

प्रेमावरची अशी कुठली चित्रं किंवा शिल्पं आहेत जी दोघांनी बघावीत?

किती सांगू! क्लिम्टचं द किस, १९०७-०८ चं, व्हिएन्नाच्या अपर बेल्व्हेडेरमध्ये. कॉफीच्या मगांवर आणि उशांवर छापून छापून त्याची चव घालवली असं वाटतं, पण खरं चित्र १८० सेंटिमीटर चौरस आहे आणि सोन्याचा वर्ख उजेडात हलल्यासारखा दिसतो, ते कुठल्याच प्रिंटमध्ये येत नाही. गर्दी असतेच, जरा बाजूला उभं राहून तिच्या पायाची बोटं बघा, कड्याच्या टोकाला कशी घट्ट रोवलीत.

मिलानच्या ब्रेरामध्ये हायेझचं १८५९ चं चुंबनाचं चित्र, त्यातल्या त्याचा एक पाय पायरीवर आहे, म्हणजे तो निघालाय. पॅरिसच्या रोदँ म्युझियममध्ये संगमरवरी किस आणि बाहेर मोठी बाग. रोमच्या बोर्गेसेमध्ये बर्निनीचे अपोलो आणि डाफ्ने, ग्रीक कथेत अपोलो हा देव तिच्या मागे लागतो आणि ती झाड होते, ती पळतेय आणि बोटांची पानं होतायत, दगडाची पानं इतकी पातळ की त्यातून उजेड जाईल असं वाटतं. हे प्रेमाचं शिल्प आहे की तिच्या नकाराचं, यावर संध्याकाळभर बोलता येईल.

न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियममध्ये शागालचं बर्थडे आहे, त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या वर्षी, १९१५ मध्ये काढलेलं. ती हातात फुलं घेऊन आलीय आणि तो चक्क तरंगत मान वळवून तिला किस करतोय.

पण मला एक निवडायला सांगितलं तर राइक्सम्युझियममधलं रेम्ब्रांचं द ज्यूइश ब्राइड. म्हातारपणी काढलेलं चित्र आहे. त्याचा हात तिच्या छातीवर आणि तिची बोटं त्या हातावर हलकेच टेकलेली, दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीयेत, आणि तरी इतका विश्वास मी दुसऱ्या कुठल्या चित्रात बघितला नाही. त्याच्या बाहीवरचा रंग इतका जाड लावलाय की बाजूने बघितलं तर उंचवटे दिसतात. १८८५ मध्ये व्हॅन गॉग मित्राबरोबर हे बघायला आला होता आणि जागचा हलेना, कोरड्या पावाच्या तुकड्यावर चौदा दिवस इथे बसायला मिळालं तर आयुष्याची दहा वर्षं देईन असं तो म्हणाल्याचं त्या मित्राने लिहून ठेवलंय. लग्नाला बरीच वर्षं झालेल्यांनी तर हे चित्र नक्की बघावं. तशीच रोमच्या विला जुलिया म्युझियममधली एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या इटलीतल्या लोकांची, नवराबायकोची शवपेटी, अडीच हजार वर्षांपूर्वीची, मातीची, दोघं मेजवानीला टेकून बसल्यासारखी आणि चेहऱ्यावर हसू.

मोना लिसा बघायचीच का?

बघायची असेल तर बघा, कुणी नाक मुरडलं तरी. फक्त ती ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे आणि मध्ये फोन वर केलेले हात असतात हे आधीच माहीत असू दे. मग मागे वळा. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझचं, बायबलमधल्या काना गावातल्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र, आणि गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते. लग्नाच्या जेवणावळीतली शंभरावर माणसं, वादक, कुत्री, वाढपी, त्यातलं एक एक शोधत दोघांचा अर्धा तास सहज जातो.

छोटी म्युझियम्स कुठली चांगली?

जिथे कुणीतरी राहायचं अशी घरं. लंडनला सर जॉन सोनचं घर आणि वॉलेस कलेक्शन, न्यूयॉर्कला फ्रिक, जे २०२५ मध्ये पुन्हा उघडलं, व्हेनिसला ग्रँड कॅनालच्या काठावर पेगी गुगेनहाइमचं घर. बोस्टनचं इझाबेला स्टुअर्ट गार्डनर म्युझियम तर अंगणासाठीच बघावं, आणि १९९० मध्ये तिथून १३ कलाकृती चोरीला गेल्या त्यांच्या रिकाम्या फ्रेम्स अजून भिंतीवर आहेत. कोपनहेगनला गेलात तर उत्तरेला समुद्रकाठी लुइझियाना म्युझियम आहे, मंगळवार ते शुक्रवार रात्री १० पर्यंत उघडं, संध्याकाळी जा आणि बाहेर हिरवळीवर बसा.

झाग्रेबमध्ये तुटलेल्या नात्यांचं एक म्युझियम आहे, वेगळ्या झालेल्या एका कलाकार जोडप्यानेच ते उभं केलं, २०१० पासून कायमचं तिथे आहे. लोकांनी पाठवलेल्या साध्या वस्तू आणि त्यामागची गोष्ट. रोमँटिक ट्रिपला तिथे कशाला असं वाटेल, पण बाहेर पडताना माणसं एकमेकांचा हात जरा घट्ट धरतात.

ऑडिओ गाईड घ्यावा का?

दोघांच्या कानात दोन वेगळी मशीन्स घालून फिरू नका, त्यात बोलणंच संपतं. आधी चित्र बघा, मग बोला, मग हवं तर एकाने वाचून दाखवा.

फोटो काढता येतात का?

बहुतेक ठिकाणी फ्लॅशशिवाय चालतात. सिस्टिन चॅपल, प्रादो आणि व्हॅन गॉग म्युझियममध्ये मनाई आहे. सेल्फी स्टिक जवळपास कुठेच चालत नाही. माझं मत विचाराल तर चित्राचा फोटो साइटवर तुमच्यापेक्षा चांगला असतोच, चित्र बघत असलेल्या आपल्या माणसाचा पाठमोरा फोटो काढा.

कपडे, बूट, सामान?

वापरून मऊ झालेले बूट, नवे अजिबात नको. एक पातळ जॅकेट किंवा शाल, आत गार असतं. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे चेकआउटच्या दिवशी ट्रॉली बॅग घेऊन म्युझियमला जायचा विचार करू नका, सामान हॉटेलवरच ठेवा.

म्युझियम सोडून बाकी कल्चर?

एका संध्याकाळी तरी काहीतरी प्रत्यक्ष चाललेलं ऐका किंवा बघा. व्हिएन्ना स्टेट ऑपेरामध्ये उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं त्याच दिवशी विकतात, लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवातही उभ्याची तिकिटं असतात. ऑपेरा पहिल्यांदा बघत असाल तर गोष्ट आधी वाचून जा आणि इंटर्व्हलला निघालात तरी चालेल. पॅरिसच्या सेंत शापेल या जुन्या चर्चमध्ये संध्याकाळचे कॉन्सर्ट होतात, तेराव्या शतकातल्या रंगीत काचा बाहेर उजेड असतानाच दिसतात, तेव्हा उन्हाळ्यातला लवकरचा शो घ्या.

तिथेच प्रपोज करायचंय, चालेल का?

प्रसिद्ध चित्रासमोर नको, गर्दी असते, गार्डला टेन्शन येतं आणि समोरच्याला अनोळखी माणसांपुढे उत्तर द्यावं लागतं. रोदँ म्युझियमची बाग, बेल्व्हेडेरची बाग, रेतिरोतला तलाव, अशा ठिकाणी शांतपणे विचारता येतं. आतच करायचं असेल तर म्युझियमला आधी मेल करून विचारा. मेणबत्त्या, फुलांच्या पाकळ्या, फुगे यातलं काही आत नेऊ नका, समोर शेकडो वर्षं जुन्या गोष्टी आहेत.

जे चित्र बघायला गेलो तेच तिथे नसेल तर?

होतं असं, चित्रं प्रदर्शनांसाठी उसनी जातात, दुरुस्तीला जातात, दालनं बंद असतात. मोठ्या म्युझियम्सच्या ऑनलाइन संग्रहात त्या त्या चित्राच्या पानावर ते सध्या कुठल्या दालनात आहे किंवा मांडलेलं नाही हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, तिकीट काढायच्या आधी तेवढं बघा, दालनाचा नंबर लिहून ठेवा. तरीही नसलंच तर माहितीच्या काउंटरवर विचारा की याच चित्रकाराचं अजून काय आहे, आणि तिथे जा.